थांबण्याचा खर्च

गतीसाठी मराठीत शब्दांची चणचण नाही. धावणे, झेपावणे, भरधाव सुटणे, वाऱ्याशी स्पर्धा करणे ही सारी आपल्याला कौतुकाचीच वाटतात. थांबवणाऱ्या शब्दांकडे मात्र आपली भाषा काहीशा संशयाने पाहते. कामाला खीळ बसते, लग्नात आडकाठी येते, चांगल्या बेतात कुणीतरी खोडा घालतो. वर्तमानपत्रांत 'विकासाला ब्रेक' लागतो, तोही वाईट बातमी म्हणूनच. लगाम, वेसण, कासरा हे आवरण्याचे जुने शब्द जनावराचे आहेत आणि ते यंत्राला लागू पडत नाहीत. 'गतिरोधक' असा संस्कृत वळणाचा शब्द आला खरा, पण तो रस्त्यावरच्या उंचवट्याला जाऊन चिकटला. परिणामी गाडी थांबवणारी वस्तू मराठीत 'ब्रेक'च राहिली, आणि तिच्या अंतर्भागातल्या वस्तूंची नावे गॅरेजमधल्या मिस्त्रींच्या तोंडी जशी पडली तशी रूढ झाली.

ही नोंद केवळ शब्दांच्या हौसेने करीत नाही. गेल्या वर्षी, २०२५ साली, एका जुन्या आणि सुमारे दोन टन वजनाच्या गाडीचे ब्रेक परवडेल अशा खर्चात सुधारून घेण्याचे काम आमच्यावर आले. त्या कामात पैशांइतकाच शब्दांचाही संबंध आला. मराठीच्या अध्यापकांनी ब्रेकवर का लिहावे, या रास्त प्रश्नाला आमच्याकडे एवढेच उत्तर आहे.

गाडी २०१० सालची टाटा सफारी. आम्हा दोघांपैकी एकीच्या वडिलांची, म्हणजे नानांची. टाटांनी १९९४ साली सुमो आणली. सुमंत मुळगावकर यांच्या नावाची आद्याक्षरे त्या नावात आहेत, हे बहुतेकांना ठाऊक असते. त्यानंतर १९९८ साली सफारी आली, तेव्हा 'एसयूव्ही' हे लघुरूप मराठी घरांत रुळले नव्हते. नाना अखेरपर्यंत तिला 'जीप'च म्हणत. त्यांच्या पश्चात ती नेरुळच्या सोसायटीत ताडपत्रीखाली दोन वर्षे उभी होती. माई ती विकू देईनात. खाडीकाठच्या या शहरात उभ्या गाडीला गंज लवकर गाठतो, हे आम्ही पाहत होतो. त्यात २०२५ मध्ये नोंदणीची पंधरा वर्षे पूर्ण होत होती. मोटार वाहन कायद्यानुसार पुढे पाच वर्षांसाठी नोंदणीचे नूतनीकरण करायचे, तर गाडी आरटीओच्या तपासणीतून जायला हवी. नाहीतर ती भंगारात द्यायची. ठेवायची तर ती माणसांना सुखरूप नेणारी असली पाहिजे, यावर घरात मतभेद नव्हते. मतभेद होता तो 'सुखरूप'ची किंमत किती यावर.

ब्रेक म्हणजे काय, हे आधी साध्या शब्दांत मांडू. धावत्या गाडीच्या अंगी असलेल्या ऊर्जेचे घर्षणाने उष्णतेत रूपांतर करणे आणि ती उष्णता हवेत सोडून देणे, एवढेच ब्रेकचे काम. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ६० ऐवजी ८० किलोमीटर वेग असेल तर वेग एकतृतीयांशाने वाढलेला असतो, पण ऊर्जा पाऊणपट अधिक होते. घाटात आणखी एक हिशेब लागू होतो. कोणतीही गाडी १०० मीटर उंची उतरते तेव्हा तेवढ्या उतारात मोकळी होणारी ऊर्जा ताशी १६० किलोमीटर वेगातल्या त्याच गाडीच्या ऊर्जेइतकी असते. लोणावळा-खंडाळ्याकडून खोपोलीला येताना आपण ५०० मीटरांहून अधिक उतरतो. ही ऊर्जा काही प्रमाणात इंजिन आणि हवेचा रोध पचवतात, उरलेली चार चाकांवरच्या लोखंडाला पचवावी लागते. बोरघाटातल्या रेल्वेमार्गावर त्यासाठी कॅच सायडिंग ठेवलेली असते. ब्रेक गमावलेली गाडी त्या चढाच्या फाट्यावर वळवून थांबवता येते. मोटारीला असा फाटा क्वचितच मिळतो.

मे महिन्यात वाईहून परत येताना हा हिशेब आम्हाला प्रत्यक्ष भेटला. गाडीत सात माणसे, टपावर सामान, पुढे ट्रकांची रांग. स्टिअरिंगवर नानांची लेक होती. दुसऱ्या गिअरमध्ये, सावकाश, पण रांगेमुळे पुन्हा पुन्हा ब्रेक दाबत उतरणे चालू होते. घाट अर्ध्याहून अधिक उतरल्यावर पेडल एकाएकी मऊ झाले. ओल्या पोत्यावर पाय द्यावा तसे ते खाली जाऊ लागले. दोन-तीनदा भराभर दाबले तेव्हा थोडे वर आले. पहिला गिअर आणि हँडब्रेक यांच्या आधाराने गाडी कडेच्या रुंद जागेत थांबली. माई जपमाळ ओढत होत्या, मुले गप्प होती. पाऊण तासाने पेडल पूर्ववत झाले, जणू काही घडलेच नव्हते.

हे 'जणू काही घडलेच नव्हते' फार महत्त्वाचे लक्षण आहे, हे पुढे कळले. उतारावर ब्रेक क्षीण होतात ते मुख्यतः दोन प्रकारे. पहिल्या प्रकारात पेडल कडकच राहते, पाय पूर्ण जोर लावतो, पण गाडी रेंगाळत थांबते. इथे पॅड तापून त्यांचे घर्षण घटलेले असते. दुसऱ्या प्रकारात पेडल मऊ होऊन खाली जाते. इथे नळ्यांतला द्रव उकळून त्याची वाफ झालेली असते. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते, आणि पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचतच नाही. थंड झाल्यावर वाफेचा पुन्हा द्रव होतो आणि पुरावा नाहीसा होतो. दोन्हींना आपण सरसकट 'ब्रेक फेल' म्हणतो. पण पहिल्याचे औषध पॅड आणि डिस्क, दुसऱ्याचे औषध द्रव. नाव नीट घेतले नाही तर औषध चुकीचे विकत घेतले जाते.

आम्हाला ते चुकीचे औषध जवळजवळ विकलेच गेले होते. गाड्यांच्या शोभेचे सामान विकणाऱ्या एका दुकानात आमची हकीकत ऐकून घेण्याआधीच उपाय ठरला होता: पुढे मोठ्या व्यासाच्या, भोके पाडलेल्या डिस्क, रंगीत कॅलिपर, नव्या रुंद रिम्स. आकडा दीड लाखाच्या घरात. दुसऱ्या एका जाणकाराने सुचवले की २०१२ मध्ये आलेल्या सफारी स्टॉर्मला मागेही डिस्क ब्रेक होते, तेव्हा तिचे जुने भाग मिळवून मागचे ड्रम काढून टाकावेत. वरवर हे तर्कशुद्ध वाटते. पण स्टॉर्म वेगळ्या चासीवर उभी होती. कापाकापी आणि वेल्डिंग करून एकीचे भाग दुसरीला बसवले, तर पुढच्या-मागच्या चाकांतले दाबाचे गणित कोण नव्याने मांडणार? शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मूळ उत्पादकाने दिलेल्या तपशिलांपासून गाडी बदलण्यावर मर्यादा घालते. पुनर्नोंदणीच्या तोंडावर असले धाडस करणे आम्हाला पटले नाही.

अखेर तुर्भ्याला, बाजार समितीच्या ट्रकांवर हात बसलेल्या एका मिस्त्रींकडे गाडी नेली. त्यांनी आमचे सारे बोलणे ऐकून घेतले, मग दोनच प्रश्न विचारले. पेडल कडक होतं की खाली गेलं? थंड झाल्यावर परत आलं का? नंतर त्यांनी मागच्या चाकाजवळचा निपल सैल करून थोडा द्रव काचेच्या बाटलीत घेतला. तो उकाळ्याच्या रंगाचा होता. बॉनेटखालच्या डबीतला द्रव मात्र स्वच्छ पिवळसर. "सर, हे वरून भरलंय, बदललेलं नाही," ते म्हणाले. "डबीत नवं, खाली जुनंच."

फेब्रुवारीत दुसऱ्या एका गॅरेजमध्ये झालेल्या सर्व्हिसिंगचे बिल आमच्याकडे होते. त्यात 'ब्रेक ऑईल' अशी ओळ होती आणि पुढे रक्कम. ती ओळ खोटी म्हणता येत नव्हती, कारण ब्रेक ऑईलची बाटली खरोखर आणली गेली होती. पण त्या नामापुढे क्रियापद नव्हते. भरले की बदलले? व्याकरण शिकवताना क्रियापदाला वाक्याचा प्राण म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. तो प्राण कधी शब्दशः असू शकतो, हे त्या बिलाने दाखवले.

त्या ओळीतले नामही सदोष आहे. ब्रेकमधला द्रव हा आपल्याला ठाऊक असलेल्या अर्थाने 'ऑईल' नाही. तो ग्लायकॉल कुळातला असून पाणी शोषून घेतो. उलट, खनिज तेलाचे काही थेंबही त्या यंत्रणेत गेले तर आतले रबरी सील फुगतात आणि निकामी होतात. 'ऑईल'च आहे, मग इंजिनचे घातले तर काय बिघडले, असे समजून तसे करणारे लोक असतात. 'ब्रेक ऑईल' हा शब्द आता बदलणार नाही, पण तो उच्चारताना ते तेल नव्हे हे ध्यानात असावे. पाणी शोषण्याच्या गुणाचा परिणाम आकड्यांत पाहता येतो. 'डॉट ३' प्रतीच्या ताज्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा शोषलेल्या अवस्थेत तो १४० पर्यंत खाली आलेला चालतो. 'डॉट ४' साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. हवेतला ओलावा रबरी होजमधून आणि डबीच्या झाकणातून हळूहळू आत शिरत राहतो. ठाणे खाडीच्या काठी, चार महिने पावसात भिजणाऱ्या नवी मुंबईत हे काम कोरड्या गावापेक्षा अधिक वेगाने होणार, हे उघड आहे. म्हणूनच गाडी चालो अथवा उभी राहो, दर दोन वर्षांनी द्रव पूर्ण बदलावा. ताडपत्रीखालच्या दोन वर्षांत सफारी एक किलोमीटरही धावली नव्हती, पण तिचा द्रव म्हातारा होतच होता.

मिस्त्रींना आम्ही दीड लाखाच्या आकड्याविषयी विचारले. ते हसले नाहीत. "आधी आहे ते नीट करू. मग चालवून बघा. तेव्हाही कमी वाटलं तर वाढवू," असे म्हणाले.

'आहे ते नीट करणे' यात काय काय येते, ते वाचकांच्या उपयोगासाठी नोंदवतो. द्रव पूर्ण बदलून 'डॉट ४' भरला आणि चारही चाकांतून एअर काढली. इंग्रजीत या क्रियेला रक्त काढल्याची उपमा देतात. आमच्या मिस्त्रींचे 'एअर काढणे' अधिक नेमके, कारण जे काढायचे तेच त्यात सांगितले आहे. पंधरा वर्षांचे रबरी होज बदलले. जुने होज दाब येताच किंचित फुगतात आणि पायाचा जोर तिथेच खाऊन टाकतात. कॅलिपरच्या पिना गंजून जाम झाल्या होत्या, त्यामुळे एका बाजूचा पॅड झिजला होता आणि दुसरा जवळजवळ कोरा होता. पिना साफ करून योग्य ते ग्रीस लावले, सील नवे घातले. पुढच्या डिस्क त्यांच्यावर कोरलेल्या किमान जाडीच्या खाली गेल्या होत्या. त्या मूळ मापाच्याच, नव्या घेतल्या. पॅड जरा उष्णता सोसणारे, पण अधिकृत काउंटरवरून घेतलेले. नामांकित वेष्टनातला नकली माल या व्यवसायात सर्रास आढळतो, अशी ताकीद मिस्त्रींनीच दिली. मागचे लायनर बदलले, ड्रम साफ केले, हँडब्रेक ताणला.

मागच्या आसाजवळ एक झडप असते. गाडीत भार किती यानुसार ती मागच्या चाकांना जाणारा दाब कमी-जास्त करते. तिचा दांडा गंजून एका जागी बसला होता. सात माणसे भरली तरी ती झडप गाडी रिकामीच आहे असे समजत होती, आणि मागचे ब्रेक जेवढे काम करू शकले असते तेवढे करीत नव्हते. सगळा भार पुढच्या डिस्कवर, म्हणून उष्णताही तिथेच. आणखी एक तपासणी व्हॅक्युमची. डिझेल इंजिन पेट्रोल इंजिनासारखे स्वतःहून व्हॅक्युम निर्माण करीत नाही. त्यासाठी वेगळा पंप असतो आणि तो इंजिन चालू असेपर्यंतच चालतो. डिझेल वाचवण्यासाठी इंजिन बंद करून घाट उतरण्याची जुनी सवय किती घातक आहे, हे यावरून समजावे. एक-दोनदा पेडल दाबेपर्यंत साठवणीतले बळ पुरते, नंतर फक्त आपला पाय.

या सगळ्याचा खर्च मजुरीसह अठरा हजारांच्या आत बसला. शिल्लक राहिलेल्या बजेटातून आम्ही चार टायर घेतले, आणि त्यांचा खर्च ब्रेकच्या दुपटीहून अधिक आला. नक्षी शिल्लक असताना टायर बदलणे घरात उधळपट्टी वाटली. पण टायरच्या भिंतीवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. आमच्या टायरवर '२३१६' होते, म्हणजे २०१६ चा तेविसावा आठवडा. नऊ वर्षांत रबर कडक झाले होते. ब्रेक चाकाला थांबवतो, गाडीला टायर थांबवते. जुने ब्रेकदेखील एका जोरदार दाबात चाक जाम करू शकतात. त्यापुढे मोठी डिस्क काहीही देत नाही. ती फक्त अधिक उष्णता सामावून घेते, आणि शर्यतीच्या मैदानात किंवा लागोपाठ घाटांत तिचा उपयोग होतो. उलट, दिसायला भारदस्त म्हणून मूळ मापापेक्षा मोठी चाके बसवली की त्याच ब्रेकना अधिक मोठ्या चाकाशी झगडावे लागते. मग त्यासाठी पुन्हा मोठे ब्रेक.

आमच्या विद्यार्थ्यांना हा विचार अपरिचित वाटू नये. शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ च्या सुमारास, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तीनशे वर्षांच्या हस्तलेखनात शिरलेले अपपाठ त्यांनी दूर केले. स्वतः थोर कवी असूनही त्यांनी ओव्यांत भर घातली नाही, आणि इतरांनीही घालू नये असे बजावले. मूळ संहिता हाती आल्याशिवाय तिच्यात उणे काय आहे, हे सांगता येत नाही. आमच्या गाडीच्या ब्रेकमध्येही पंधरा वर्षांचे अपपाठ साचले होते: काळा द्रव, फुगणारे होज, अडकलेली पिन, गोठलेली झडप. ते तसेच ठेवून वर नवी डिस्क बसवणे म्हणजे अशुद्ध पोथीला सोनेरी वेष्टन घालण्यापैकी होते. द्रव जुनाच राहिला असता तर दीड लाखांच्या ब्रेकचे पेडलही पुढच्या घाटात तसेच मऊ झाले असते.

यावरून सुधारणेला आमचा विरोध आहे, असा अर्थ कोणी काढू नये. ब्रेकचा इतिहास स्वस्त सुधारणांनीच भरला आहे. १८८८ साली बर्था बेंझ मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला पतीच्या मोटारीतून निघाल्या. उतारांवर लाकडी ठोकळे झिजू लागले, तेव्हा वाटेत एका चर्मकाराकडून त्यांनी त्यांवर चामडे ठोकून घेतले. ब्रेक लायनिंगचा हा प्रारंभ मानला जातो. पण बर्थाबाईंनी आधी काय झिजते आहे ते पाहिले, मग त्यावर नेमके तेवढेच ठोकले. उणीव आधी ओळखली, म्हणून खर्च चामड्याच्या तुकड्यावर भागला.

काही उणिवा भरून निघत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. भारतात एबीएस नव्या मोटारींच्या मॉडेलना एप्रिल २०१८ पासून आणि सर्व नव्या मोटारींना एप्रिल २०१९ पासून सक्तीचे झाले. आमच्या गाडीत ते नाही, आणि ते मागाहून बसवणे व्यवहार्य नाही. त्यामुळे ओल्या रस्त्यावर चाके जाम झाली तर स्टिअरिंग फिरवूनही गाडी वळणार नाही. याची भरपाई अंतर राखूनच करायची. चांगल्या टायरांवर, कोरड्या रस्त्यावर, ताशी ८० किलोमीटर वेगातली गाडी थांबायला सुमारे ३६ मीटर घेते. पाय ब्रेकवर पोहोचायला लागणाऱ्या एका सेकंदात त्याआधीच २२ मीटर गेलेले असतात. हे बावीस मीटर कोणताही मिस्त्री कमी करू शकत नाही. पाम बीच रस्त्यावर मागचा हॉर्न वाजवत राहतो, आम्ही अंतर सोडत नाही.

नव्या पॅडना डिस्कशी जुळवून घ्यायला थोडा अवधी द्यावा लागतो. दोन रविवारी पहाटे, खारघरच्या रुंद आणि मोकळ्या रस्त्यावर, साठच्या वेगावरून मध्यम जोराने वेग उतरवत आणायचा, पूर्ण न थांबता पुन्हा वाढवायचा, मधे ब्रेक निवू द्यायचे, असे आम्ही आळीपाळीने केले. दुसऱ्या रविवारी माईही हट्टाने बसल्या. त्यांना एवढेच जाणवले की गाडी आता नानांच्या वेळच्यासारखी थांबते. आम्हालाही एवढेच हवे होते.

नोव्हेंबरात तपासणी होऊन नोंदणी पाच वर्षांसाठी वाढली. बॉनेटच्या आतल्या बाजूस आम्ही एक चिठ्ठी चिकटवली आहे. तिच्यावर क्रियापदासह वाक्य आहे: 'ब्रेकचा द्रव ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण बदलला, ऑक्टोबर २०२७ मध्ये पुन्हा बदलावा.' मिस्त्रींनी ती वाचली, आणि खाली आपल्या हाताने 'डॉट ४ च' असे लिहिले.